सायकल, होडी आणि तीन गुण



शिक्षकाने आपली चूक वर्गात उघडपणे कबूल करावी किंवा नाही, याविषयी शिक्षकांत नेहमीच दोन मते असतात. कबूल केल्याने मान कमी होतो असे कोणी म्हणतात. वाढतो असे कोणी म्हणतात. आमच्यापुरते बोलावयाचे, तर मान कमी होईल की वाढेल याचा हिशेब करीत आम्ही तीन आठवडे काढले. त्या हिशेबाचा निकाल घरी बसून काही लागला नाही. त्यासाठी नाताळच्या सुट्टीतील एक सबंध दिवस सायकलीवर व होडीत घालवावा लागला. त्याच दिवसाची ही हकीकत आहे. हिला प्रवासवर्णन म्हणावे, तर प्रवास अवघा तीस-पस्तीस किलोमीटरांचा. यात ना हिमशिखरे, ना समुद्रगमन. तथापि संपादक मंडळाने 'काहीतरी लिहून द्याच' असा आग्रह धरला, आणि जे द्यावयाचे ते खरे द्यावे असे आम्हांस वाटले.

गोष्ट अशी घडली. डिसेंबरच्या आरंभी आम्ही इयत्ता सातवीच्या वर्गास 'आमच्या गावची नदी' या विषयावर निबंध लिहावयास सांगितले. वह्या तपासावयास घेतल्या, तेव्हा बहुतेक सर्व नद्या निळ्याशार होत्या. त्यांच्या काठी पांढरेशुभ्र बगळे उभे होते, गुराखी पावा वाजवीत होते आणि खळखळ वाहणारे पाणी स्फटिकासारखे होते. आम्ही कोणास आठ, कोणास साडेआठ गुण देत पुढे चाललो. इतक्यात एक वही हाती आली. तीत चारच वाक्ये होती. "आमच्या गावची नदी पुलावरून दिसते. पूल आला की आई नाकाला पदर लावते. मग पूल संपतो. मी नदीला कधी हात लावलेला नाही."

आम्ही तांबड्या शाईने दहांपैकी तीन गुण दिले, आणि खाली शेरा मारला : 'कल्पनाशक्तीचा अभाव. नदीचे वर्णन असे करू नये.'

त्याच आठवड्यात आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे पत्र आले. ही मुलगी स्थापत्यशास्त्राची पदवी घेऊन पाण्याच्या व्यवस्थेचा अधिक अभ्यास करण्यासाठी नेदर्लंड्समध्ये, म्हणजे आपण ज्यास हॉलंड म्हणतो त्या देशात, डेल्फ्ट या नगरीत राहते. सुट्टीचा एक दिवस तिने कसा घालविला, याचे तिने मोठे सुरेख वर्णन केले होते. सकाळी सायकल काढून ती कालव्याकाठच्या विटांच्या रस्त्याने फिरली. जुन्या देवळाचा एका अंगास कललेला मनोरा तिने पाहिला. दुपारी ती होडीत बसली, आणि पूल इतके ठेंगणे की प्रत्येक पुलाखालून जाताना सर्व उतारूंना माना वाकवाव्या लागल्या. ज्या देशाची एक चतुर्थांशाहून अधिक भूमी समुद्रसपाटीच्या खाली आहे, त्या देशातील माणसांचा पाण्याशी असा शेजार असावा यात नवल नाही. पत्राच्या शेवटी तिने लिहिले होते : "सर, येथील पाणी माणसांनी खणून आणलेले आहे. आपल्याकडे ते देवाने दिले आहे. तरी येथे पुलावर कोणी नाक दाबीत नाही."

हे वाक्य वाचले आणि ती चार वाक्यांची वही आम्हांस आठवली. दोन मुलांनी, एकीने परदेशातून व एकाने तिसऱ्या बाकावरून, आम्हांस एकच गोष्ट सांगितली होती. एकीचे पत्र आम्ही घरी सर्वांना वाचून दाखविले. दुसऱ्यास तीन गुण दिले. आणखी एक विचार मनात आला व तो अधिक बोचला. ज्यांना आम्ही आठ गुण दिले, त्यांच्यापैकी कितींनी ती निळीशार नदी पाहिली होती? ती नदी निबंधमालेच्या पुस्तकांतून वाहत होती. ज्याने पाहिले तेवढेच लिहिले, तो एकटाच नापास झाला होता.

मग आम्ही ठरविले की त्या मुलाला नदी दाखवावयाची, आणि आपणही पाहावयाची. डेल्फ्टच्या त्या मुलीने घालविला तसाच दिवस, सायकल व होडी यांचा, आपल्या मुलखात घालवून पाहावा. मुलाचे वडील चाकणच्या एका कारखान्यात कामास आहेत. आपल्या औद्योगिक पट्ट्यात बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे तुम्हांस ठाऊकच आहे. म्हणून नाताळच्या सुट्टीतील गुरुवार नेमला. मुलाचे वडील प्रथम बिचकले. सर घरी आले म्हणजे मुलाने काही आगळीक केली, अशीच त्यांची समजूत झाली. आगळीक आमची आहे, हे सांगण्याचे धैर्य आम्हांस त्या वेळी झाले नाही. मुलाच्या आईने भाकऱ्यांचे गाठोडे बांधून दिले आणि निघताना मुलास बजावले, "पाण्यात हात घालू नकोस बरं."

सकाळी साडेसहास आम्ही तिघे चिंचवडगावात पवनेच्या घाटावर भेटलो. आमची सायकल आमच्या वडिलांची. ते पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात पाळीवर जात, तेव्हाची. भोंगा झाला की रस्ताभर सायकलींचा लोंढा वाहत असे, आणि त्या लोंढ्यातून वडिलांची सायकल आम्ही घंटीच्या आवाजावरून ओळखत असू. ती घंटी आता वाजत नाही. बाकी सायकल शाबूत आहे.

मोरया गोसावींच्या समाधिमंदिराच्या पायऱ्या थेट पवनेत उतरतात. पावसाळ्यात नदी फुगली की पाणी मंदिरात शिरते, आणि ते वर्तमान दरसाल वृत्तपत्रांत येते. हेच चिंचवड चापेकर बंधूंचे गाव. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडणाऱ्या त्या तरुणांचे स्मारक गावात उभे आहे. परंतु त्या दिवशी आमचे लक्ष इतिहासाकडे नव्हते. पात्राच्या काठाने जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरला होता. मुलगा म्हणाला, "सर, हे गवत छान दिसतं." दिसते खरे. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. सांडपाण्यातून येणारा नत्र व स्फुरद हे तिचे खाद्य. ते मुबलक मिळाले की ती पाहता पाहता दुप्पट होते, पाण्यावर झाकण घालते, सूर्यप्रकाश अडविते, आणि खालचे मासे प्राणवायूवाचून मरतात. एवढे सांगून आम्ही थांबलो. याच पवनेत, थोडे वर रावेतच्या बाजूस, आमच्या वडिलांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून आम्हांस पोहावयास शिकविले होते, ही गोष्ट ओठांवर आली होती. परंतु त्या मुलास ती परीकथा वाटली असती. ज्या वडिलांनी आम्हांस पाण्यात ढकलले, त्यांचा नातू आज स्नानगृहातील बादलीखेरीज पाणी ओळखत नाही. आणि हा दोष त्या नातवाचा खचित नव्हे.

उन्हे कोवळी होती. मुंबई-पुणे रस्ता ओलांडून, पिंपरीची हद्द उजव्या हातास सोडून, आम्ही मोशीच्या दिशेने निघालो. गुरुवार असल्यामुळे रस्त्यांस एरवीची दाटी नव्हती, आणि कारखान्यांच्या लांबच लांब भिंतींना लागून तिन्ही सायकली रमतगमत चालल्या. चालता चालता डेल्फ्ट पुन्हा आठवले. त्याच गावी लेव्हेनहुक नावाचा एक कापडाचा व्यापारी होऊन गेला. त्यास स्वतः भिंगे घासण्याचा नाद होता. १६७४ साली त्याने जवळच्या एका तळ्याचे पाणी आपल्या भिंगाखाली धरले, आणि त्या थेंबात वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव त्यास दिसले. माणसाने तोवर पाणी प्याले होते, पूजिले होते, रंगविले होते. त्या दिवशी त्याने ते पाहिले. आता पिंपरीकडे पाहा. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने येथे पेनिसिलिनचा कारखाना निघाला. पुढे तेथील संशोधकांनी एका सूक्ष्म जीवापासून बुरशीचा नाश करणारे नवे औषध शोधून काढले, आणि त्या जीवाच्या शास्त्रीय नावात 'पिंपरिना' हा शब्द घालून आपल्या गावाचे नाव जगाच्या विज्ञानग्रंथांत कायमचे लिहून ठेविले. डोळ्यांस न दिसणाऱ्या जीवाला ज्या गावाने ओळखले, त्या गावाला डोळ्यांसमोरची नदी दिसू नये, याचे आम्हांस त्या सकाळी मोठे आश्चर्य वाटले.

हे गाव म्हणता म्हणता नगर झाले. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महानगरपालिका. २०११ च्या खानेसुमारीत येथे सतरा लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. त्यांतील किती तरी माणसे आपली शेते, आपली नदी मागे टाकून पोटासाठी येथे आली. त्या मुलाचे वडील परभणीकडचे. सायकल चालविताना ते फारसे बोलत नव्हते. मुलाच्या उजव्या बाजूने, रस्त्याच्या अंगाने, ते आपली सायकल अशी ठेवीत की मोठे वाहन आले तर प्रथम त्यांच्याजवळून जावे. हे त्यांना कोणी शिकविले नसेल.

मोशीस पुणे-नाशिक महामार्ग ओलांडावयाचा होता. गुरुवार असला तरी या रस्त्याला सुट्टी नसते. चाकणकडून मालाने लादलेले ट्रेलर एकामागून एक येत होते, आणि त्यांच्या चाकांची उंची मुलाच्या खांद्याइतकी. आम्ही तिघे सायकली हाती धरून दहा मिनिटे उभे राहिलो. डाव्या हातास, या रस्त्याने दहाबारा किलोमीटर गेले की चाकण. तेथल्या भुईकोटात फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेस छप्पन्न दिवस थोपवून धरले होते. त्या कोटाभोवती खंदक होता. आज चाकणच्या माणसास ट्रेलरांपासून राखील असा खंदक कोठे नाही.

मुलाने विचारले, "सर, ताई राहतात तिथे सायकलवाले रस्ता कसा ओलांडतात?" ताई म्हणजे आमची ती माजी विद्यार्थिनी, तिच्या पत्राची हकीकत आम्ही वाटेत सांगितली होती. आम्ही म्हणालो, तेथे सायकलींना वेगळी वाट असते. परंतु ती काही आकाशातून पडली नाही. त्या देशात १९७१ साली रस्त्यांवरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मेली, आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांची हत्या थांबवा' हेच त्यांच्या चळवळीचे नाव होते. त्या रेट्याने आणि पुढे आलेल्या तेलटंचाईने राज्यकर्त्यांचे मन वळले, आणि वर्षानुवर्षांच्या खटपटीने वाटा झाल्या. आज त्या देशात माणसांहून सायकली अधिक आहेत. पाण्याचेही तसेच. अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्या कालव्यांची चित्रे आपण दिनदर्शिकांवर पाहतो, त्यांत अगदी गेल्या शतकापर्यंत घरांचे सांडपाणी सोडीत असत. पुढे नळ घातले, पाणी शुद्ध केले, आणि २०१२ साली त्या देशाची युवराज्ञी त्याच कालव्यात लोकांबरोबर पोहली. तेथे पाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या एकवीस स्वतंत्र संस्था आहेत. त्यांच्या निवडणुका होतात, त्या स्वतःचा कर घेतात, आणि त्यांची परंपरा मध्ययुगापर्यंत मागे जाते. मुलगा म्हणाला, "म्हणजे त्यांची नदी पण आधी घाण होती?" आम्ही म्हणालो, "होय." तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग बरं आहे."

हे 'बरं आहे' आम्हांस फार आवडले. परक्यांचे वैभव ऐकून मूल खट्टू होते; परंतु परक्यांनीही एकदा चूक केली होती असे ऐकले की त्यास धीर येतो. शिक्षकांनी ध्यानात ठेवावी अशी ही गोष्ट आहे, आणि ती शिक्षकांच्या चुकांसही लागू पडते, असा विचार तेव्हा मनास चाटून गेला.

डुडुळगावावरून आळंदी गाठली, तेव्हा दहा वाजून गेले होते. १२९६ साली ज्ञानेश्वरांनी जेथे समाधी घेतली, ते हे स्थान. घाटावर भाविकांची गर्दी होती. बंधाऱ्यावरून इंद्रायणी खाली पडत होती, आणि तिच्या अंगावर पांढरा फेस तरंगत होता. दुरून पाहणारास हिमालयातील नदीवर बर्फ तरंगत असल्याचा भास व्हावा. बगळ्यांचा तो पांढराशुभ्र रंग आमच्या मुलांनी उगीच लिहिला नाही, असे क्षणभर वाटले. हा फेस कशाचा? साबण आणि धुण्याच्या पावडरी यांनी पाण्याचा पृष्ठताण कमी होतो. शुद्ध पाण्यातला बुडबुडा उठल्याबरोबर फुटतो, परंतु अशा पाण्यातला टिकतो. बंधाऱ्यावरून पडताना त्यात हवा मिसळते, आणि ढीगच्या ढीग जमतो. कारखान्यांचे पाणी त्यात असते, तसे घरांचेही असते. मुलाने सरळ विचारले, "आपल्या घरचं पण?" जेथे जेथे सांडपाणी शुद्ध न होता नदीत जाते, तेथे तेथे आपल्या घरचेही, असे उत्तर आम्ही दिले. ते देताना आपण वर्गात फळ्यापाशी उभे नसून घाटाच्या पायरीवर उभे आहोत, याची जाणीव झाली.

याच इंद्रायणीने वर देहूस तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या परत दिल्या, अशी भाविकांची श्रद्धा आहे. आज तिच्यात कोणी वही टाकली तर काय परत येईल, हा प्रश्न आमच्या मनात आला. तो आम्ही मुलासमोर बोललो नाही. घाटावर एक वृद्ध बाई फेस हाताने बाजूस सारून ओंजळ भरून घेत होती. तिची श्रद्धा पाहून हात जोडावेत, की तिचा हात धरून थांबवावा, हे आम्हांस कळेना. आम्ही दोन्ही केले नाही.

दुपारी मरकळच्या वाटेवर एका आंब्याखाली गाठोडे सोडले. बाजरीच्या भाकऱ्या, ठेचा आणि कांदा. मुलाचे वडील तेथे प्रथमच मोकळेपणी बोलले. "सर," ते म्हणाले, "आमच्याकडं नदी हाय, पन पानी न्हाई. हितं पानी हाय, पन नदी न्हाई." आम्ही मराठीचे शिक्षक, नदीवर आमच्या वर्गात आजवर शेकडो निबंध लिहिले गेले असतील. त्यांतल्या एकातही एवढे नेमके वाक्य आम्हांस आढळले नव्हते. मुलास ही चार शब्दांत खरे बोलण्याची हातोटी कोठून मिळाली, हेही तेव्हा उमगले.

तिसऱ्या प्रहरी तुळापुरास पोहोचलो. भीमा, भामा व इंद्रायणी यांचा संगम म्हणून हे स्थान प्रसिद्ध आहे. १६८९ साली संभाजीमहाराजांचा येथे वध झाला, म्हणून महाराष्ट्र येथे मस्तक नमवितो. त्याहून जुनी एक कथा या गावाच्या नावाविषयी सांगतात. गावाचे मूळ नाव नागरगाव. आदिलशाहीतील मुरार जगदेव याने १६३३ साली येथे तुळादान करावयाचे योजिले. त्याच्या मनात आले की आपल्या हत्तीचीही तुला करावी. परंतु हत्ती तोलावा कशात? तेव्हा शहाजीराजांनी युक्ती सांगितली. हत्तीस होडीत चढवावे, होडी पाण्यात जेथवर बुडेल तेथे खूण करावी. मग हत्ती उतरवून त्याच खुणेपर्यंत होडी बुडेतो दगड भरावेत, आणि ते दगड तोलावेत. गावाचे तुळापूर झाले ते तेव्हापासून. विज्ञानात तुम्ही आर्किमिडीजचे तत्त्व शिकता, त्याचा प्रयोग आपल्या जिल्ह्यात हत्ती घेऊन झाला होता, हे विसरू नका.

संगमावर होड्या होत्या. अंगात फुगीर केशरी जाकिटे चढवून आम्ही तिघे एकीत बसलो. नावाडी वयस्क होता. होडी काठावरून सुटली, आणि सकाळपासून प्रथमच कानांत यंत्राचा आवाज उरला नाही. वल्ह्याचा एक ठोका, मग पाण्याची एक सळसळ. इंद्रायणीच्या अंगचे पाणी काळसर होते. भीमेच्या धारेकडे गेलो तसतसे ते निवळत गेले. एक खंड्या काठच्या फांदीवरून सुटला आणि पाण्याला टेकून परत गेला. डेल्फ्टच्या मुलीप्रमाणे माना वाकविण्यास येथे पूल नव्हता. तरी आमची मान आपोआप खाली गेली, कारण मुलगा होडीच्या काठावरून पाण्याकडे टक लावून पाहत होता, आणि त्याची बोटे काठाबाहेर जाऊन पुन्हा आत येत होती.

त्याने वडिलांकडे पाहिले. वडिलांनी नावाड्याकडे पाहिले. नावाडी म्हणाला, "इथं घाल बाळा. तोंडाला मात्र लावू नकोस."

मुलाने हात पाण्यात घातला. होडी चालत होती, आणि त्याच्या बोटांमागे पाण्याच्या चार रेघा उमटत होत्या. कोणी काही बोलले नाही. वय वर्षे बारा. दोन नद्यांमध्ये वसलेल्या नगरात जन्म. आणि नदीचा हा पहिला स्पर्श.

काही वेळाने वडिलांनी विचारले, "सर, हे पानी म्होरं कुठं जातं?" भूगोल आमचा विषय नव्हे, परंतु एवढे ठाऊक होते. आम्ही सांगितले, की भीमा येथून पुढे जाते. चिंचवडची आपली पवना दापोडीस मुळेला मिळते, मुळा पुण्यास मुठेला मिळते, आणि ती मुळा-मुठा रांजणगाव सांडसपाशी भीमेत येते. म्हणजे इंद्रायणीचे काय आणि पवनेचे काय, सर्व पाणी अखेर भीमेत. भीमा पुढे उजनीच्या धरणात जाते, आणि तेथून पंढरपुरास. तेथे तिला चंद्रभागा म्हणतात.

"पंढरपुरास," ते म्हणाले. मग बराच वेळ थांबून म्हणाले, "माझी आई दर आषाढीला जाती. तीर्थ म्हनून घोटभर पिती."

त्यावर बोलण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. पाणी कोणाचे नाव, गाव वा धर्म विचारीत नाही; जे त्यात टाकाल ते पुढल्यास नेऊन देते. या सत्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही. होडीत बसावे लागते एवढेच. त्या संगमावर हत्तीचा भार ज्या युक्तीने तोलला गेला, तीच युक्ती आमच्यावर चालली असे वाटले. सातवीच्या त्या सर्व निळ्याशार नद्या एका पारड्यात घातल्या, तरी दुसऱ्या पारड्यातील चार वाक्यांनी होडी अधिक बुडाली असती.

परतताना सायकली एका टेम्पोत घातल्या. मुलगा वडिलांच्या मांडीवर डोके टेकून झोपी गेला. टेम्पोच्या घरघरीत आम्ही त्या गृहस्थांस अखेर सर्व सांगितले : निबंध, तीन गुण आणि तांबड्या शाईचा शेरा. ते रागावतील अशी भीती होती. ते एवढेच म्हणाले, "आमाला त्यानं सांगितलं न्हाई, सर." मुलाने घरी ती वहीच दाखविली नव्हती. एवढ्या वर्षांच्या नोकरीत आम्ही किती वह्या अशा लपविण्यास लावल्या असतील, हा हिशेब त्या रात्री झोप येईतो चालला होता, आणि तो अजून पुरा झालेला नाही.

जानेवारीत शाळा उघडली. पहिल्याच तासाला आम्ही ती वही मुलाची परवानगी घेऊन वर्गात वाचून दाखविली, आणि मग आमचा शेराही वाचून दाखविला. वर्ग हसला नाही. आम्ही तो शेरा वर्गासमक्ष खोडला आणि तिनाचे नऊ केले. एक गुण राखून ठेवला, कारण 'पूल' हा शब्द त्याने दोन्ही ठिकाणी ऱ्हस्व लिहिला होता, आणि चूक शिक्षकाची निघाली म्हणून शुद्धलेखनाचे नियम बदलत नाहीत. ज्यांना आठ व साडेआठ मिळाले होते, त्यांचे गुण आम्ही कमी केले नाहीत. त्यांनी आम्ही शिकविले तसेच लिहिले होते. मात्र निबंध सर्वांना पुन्हा दिला, आणि अट एकच घातली : आधी नदीवर जाऊन यावे, घरच्या वडील माणसांस बरोबर घेऊन.

ते निबंध आता आमच्या टेबलावर आहेत. त्यांत बगळे आहेत, कारण बगळे खरोखर आहेत. जलपर्णी आहे. एका मुलीच्या आजोबांनी तिला कोठे मासे धरीत ते दाखविले आहे. एकाने पुलावरून टाकलेल्या निर्माल्याच्या पिशव्या मोजल्या, त्या एकोणीस भरल्या. एकाने लिहिले आहे की आमच्या घरचे पाणी कोठे जाते हे मी सोसायटीच्या चिटणिसांना विचारले, आणि त्यांनाही ते ठाऊक नव्हते. भाषा पूर्वीइतकी सुंदर नाही. गुण देताना आमचा हात पूर्वीइतका चपळ चालत नाही.

आणि ती जुनी वही? तिच्यात त्या मुलाने आपल्या निबंधाचे शेवटचे वाक्य खोडून त्या जागी दोन नवी वाक्ये लिहिली आहेत. "मी नदीला एकदा हात लावला आहे. ती थंड होती."